प्रवासातील विघ्ने आणि सोबत्याचा पायगुण

सुटी संपवून मंडळी घरी परतली म्हणजे त्यांच्या तोंडून दोन प्रकारचे प्रवासवर्णन ऐकावयास मिळते. एक पाहिलेल्या स्थळांचे आणि दुसरे सोसलेल्या हालांचे. पहिले चार दिवसांत आटोपते; दुसरे मात्र वर्षानुवर्षे पुरते. देवळाचे शिखर किती उंच होते हे कोणाच्या ध्यानात राहत नाही, परंतु गाडी कोठे चुकली, पिशवी कोठे राहिली आणि रात्र कोणत्या फलाटावर काढावी लागली हे घरातील लहान मूलही बिनचूक सांगते. ह्यात वावगे काही नाही. सुखाचा प्रवास सर्वांचा सारखाच असतो. हालांचा प्रवास मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र असतो, म्हणून तो सांगावासा वाटतो व ऐकावासाही वाटतो.

तथापि ह्या वर्णनाच्या शेवटी बहुधा एक वाक्य येते, आणि त्या वाक्याविषयीच ह्या महिन्यात चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे. ते वाक्य असे: 'ह्याला बरोबर घेतले की असे व्हायचेच!' किंवा 'हिला बरोबर घेतले की असे व्हायचेच!' दिसावयास दोन्ही वाक्ये सारखी. फरक काय तो एका अक्षराचा. परंतु घरात त्यांचे परिणाम फार निराळे होतात. 'ह्याला' म्हटले की सगळे हसतात, तो स्वतःही हसतो आणि पुढच्या प्रवासात सर्वांच्या आधी गाडीत जाऊन बसतो. 'हिला' म्हटले, आणि ती 'ही' जर घरात नव्याने आलेली सून असेल, तर कोणी हसले तरी ती हसत नाही. तिच्या मनात ते वाक्य रुतून बसते. 'पायगुण' हा शब्द उच्चारला गेला नाही तरी तो तिला ऐकू येतो, आणि 'पांढऱ्या पायाची' हा त्याहून क्रूर शब्द आपल्या भाषेत आहे हे तिला ठाऊक असते.

प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या घरांतून जे काही पाळले जाते त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. सोमवारी व शनिवारी पूर्वेस, गुरुवारी दक्षिणेस, रविवारी व शुक्रवारी पश्चिमेस, मंगळवारी व बुधवारी उत्तरेस दिशाशूल मानण्याचा प्रघात आहे. मुहूर्तावर निघणे साधत नसेल तर शेजारच्या घरी सुपारी, तांदूळ किंवा एखादे वस्त्र ठेवून 'प्रस्थान' करण्याची सोय पूर्वजांनी करून ठेविली आहे. आणि ती पाहिली म्हणजे आपले पूर्वज व्यवहारालाही किती जपत होते हे कळते. हातावर दही घालणे, 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणे, ह्यांत तर केवळ माया आहे. काशीस शके १५२२ मध्ये, म्हणजे इसवी सन १६०० मध्ये, रामदैवज्ञाने 'मुहूर्तचिंतामणि' रचिला, त्यात यात्रेचे स्वतंत्र प्रकरणच आहे. ज्या काळी मनुष्य पायी किंवा बैलगाडीने निघून महिनोन् महिने परत येत नसे, त्या काळी निघण्यापूर्वी मनाला धीर देणारे असे काही हवेच होते. परंतु ही सारी सावधगिरी निघण्यापूर्वीची आहे. परत आल्यावर बरोबरच्या माणसाकडे बोट दाखविणे ही गोष्ट वेगळी. तिला सावधगिरी म्हणता येत नाही, आणि शास्त्र तर नाहीच नाही.

हा विषय आम्हांस ज्या निमित्ताने सुचला ते सांगितले पाहिजे. आमचे राहणे नागपुरास कळमन्याच्या बाजूस आहे. एका अंगास बाजार समितीचे मोठे आवार. तेथे हंगामात संत्र्यांच्या व मिरच्यांच्या गाड्यांची पहाटेपासून रीघ लागते. दुसऱ्या अंगास कामठी, गोंदियाकडे जाणारा लोहमार्ग. मुंबईकडून आलेली आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली. पुढे पूर्वेकडचा मार्ग १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे आला. त्या मार्गावरचे आमचे कळमना. हावड्याकडून शेकडो कोस तोडून आलेली गाडी नागपुराच्या उंबरठ्याशी येऊन सिग्नलापाशी उभी राहते, आणि आतील मंडळी खिडकीतून कळमन्याकडे पाहत बसतात, हा देखावा आमच्या नित्य परिचयाचा आहे. तेव्हा प्रवासातील खोळंबा म्हणजे काय, हे कळमनेकरांस निराळे शिकवावे लागत नाही.

येथेच महालातून घर बांधून राहावयास आलेले एक भरलेले कुटुंब आहे. घरात आजी, दोन मुलगे, सुना, नातवंडे अशी चौदा माणसे. आजींना आम्ही काकू म्हणतो. गेल्या वैशाखात त्यांच्या थोरल्या नातवाचा विवाह झाला आणि नवी जोडी चार दिवस पचमढीस जाऊन आली. इतक्यात दिवाळीनंतर सर्वांनी काशीस जाण्याचे ठरले, तेव्हा काकूंनी पंचांग पाहण्यासाठी आम्हांस बोलाविले. दिवस काढून झाला. किती माणसे जाणार म्हणून विचारले, तर काकू म्हणाल्या, 'तेरा.' आम्ही म्हटले, 'काकू, घरात तर चौदा आहेत.' त्यावर त्यांनी आवाज खाली आणून सांगितले, 'मास्तर, नातसून घरी राहणार आहे. मुलगी गुणाची आहे हो, पण तिचा पायगुण प्रवासाला नाही. पचमढीस काय काय झाले ते तुम्ही ऐकलेच असेल.'

आम्ही ते ऐकले नव्हते. मग ते सविस्तर ऐकविण्यात आले. निघतानाच रिक्षा बाजाराच्या गाड्यांत अडकली व आगगाडी सुटता सुटता मिळाली. ती गाडी इटारसीस दोन तास उशिराने पोहोचली. पुढची पिपरियाची गाडी निघून गेली होती. उतरण्याच्या गडबडीत एक पिशवी गाडीतच राहिली. पचमढीस चौरागडावर चढताना नातवाचा पाय मुरगळला. आणि कळस म्हणजे, परतीच्या वेळी ही दोघे पिपरियाच्या स्थानकावर रात्री वेळेवर जाऊन बसली, तर गाडी आदल्याच रात्री निघून गेली आहे असे कळले! पाच विघ्ने एका प्रवासात. 'पूर्वी हा मुलगा मित्रांबरोबर कितीदा गेला, कधी असे झाले नाही,' असे काकूंनी शेवटी जोडले, आणि आमच्याकडे असे पाहिले की, आता ह्यावर मास्तर काय बोलणार.

नातसून तेव्हा आतून चहा घेऊन आली. तिला आम्ही विचारले, 'काय ग, काशीस येणार नाहीस?' तिने मान खाली घालून उत्तर दिले, 'नको, मी घरीच राहते. मी आले तर सगळ्यांना त्रास व्हायचा.' हे उत्तर ऐकून मात्र आमचे मन फार अस्वस्थ झाले. कोणी तिच्यावर रागावले नव्हते. कोणी अपशब्द काढला नव्हता. सहा महिने थट्टेथट्टेने म्हटलेले वाक्य त्या मुलीने खरे मानले होते. पदवी घेतलेली, दोन भाषांत चांगले लिहिणारी मुलगी, आणि आपल्या पावलात काही दोष आहे अशी तिची स्वतःची समजूत होऊन बसली होती.

आम्ही कागद मागविला आणि शाळेत ज्याप्रमाणे उदाहरण सोडवितात त्याप्रमाणे तो उभा रेघून त्याचे तीन भाग केले. पहिल्यात विघ्न, दुसऱ्यात त्याचे कारण आणि तिसऱ्यात ते निवारले कोणी. नातवास शेजारी बसविले. रिक्षा का अडकली? पहाटे बाजार भरण्याच्या वेळी त्याच रस्त्याने नेली म्हणून. रस्ता कोणी सांगितला? नातवाने. दुसऱ्या गल्लीतून काढावयास कोणी सुचविले? नातसुनेने, ती लग्नापूर्वी येथली नव्हती, तरी तिने आदल्या संध्याकाळी तो रस्ता पाहून ठेविला होता. पिपरियाची गाडी का चुकली? दोन गाड्यांमध्ये अवघ्या पाऊण तासाचे अंतर ठेविले होते म्हणून. मग पचमढीस पोहोचलात कसे? तिने तेथेच चौकशी करून दुसऱ्या गाडीने जाण्याची सोय केली. पिशवी का राहिली? आपल्या बाकाखाली जागा नव्हती म्हणून नातवाने ती दुसऱ्याच्या बाकाखाली सरकविली होती. ती सापडली कशी? डब्याचा व जागेचा क्रमांक तिने वहीत टिपून ठेविला होता; तिने लागलीच रेल्वेच्या १३९ ह्या क्रमांकावर कळविले, पुढच्या मोठ्या स्थानकावर पिशवी उतरवून ठेविली गेली आणि तेथील एका आप्ताने ओळख पटवून ती ताब्यात घेतली. पाय का मुरगळला? चौरागडाच्या शेकडो पायऱ्या नव्या गुळगुळीत वहाणा घालून चढल्यामुळे. पाय बांधून, आधार देऊन खाली कोणी आणिले? येथे नातवाने स्वतःच हसून पत्नीकडे बोट दाखविले.

आता राहिली परतीची गाडी. ही चूक इतकी सर्वसाधारण आहे की तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य वाटते. त्या गाडीची वेळ रात्री बारा वाजून वीस मिनिटांची व तिकिटावरचा दिवस शुक्रवारचा होता. नातवाने हिशोब केला की, शुक्रवारी दिवसभर पचमढी पाहावी, सायंकाळी उतरावे आणि रात्रीची गाडी धरावी. परंतु रेल्वेचा दिवस मध्यरात्री बदलतो. शुक्रवारचे बारा वाजून वीस मिनिटे म्हणजे गुरुवारची रात्र! आपल्या पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. त्या रीतीने पाहिले तर गाडी सुटताना पंचांगाचा गुरुवारच चालू होता, आणि रेल्वेच्या घड्याळाने शुक्रवार उजाडून वीस मिनिटे झाली होती. घरोघरी आपली जीभ अजून पंचांगाच्या दिवसाने चालते. रात्री एक वाजता झोपणारा मनुष्यही 'आज झोपावयास उशीर झाला' असेच म्हणतो. तिकीट मात्र घड्याळाच्या दिवसाचे असते. दोन कालगणनांच्या सांध्यात ही जोडी सापडली; त्यात नव्या सुनेच्या पावलांचा संबंध कोठे आला? उलट, गाडी गेल्याचे कळल्यावर पतिराज बाकावर डोके धरून बसले असता, सकाळच्या गाडीने इटारसी व तेथून नागपूर असा मार्ग हिनेच काढला, हेही कागदावर आले.

कागद पुरा झाल्यावर तो आम्ही काकूंच्या हाती दिला. दुसऱ्या भागात पाचांपैकी एकाही ठिकाणी नातसुनेचे नाव नव्हते. तिसऱ्यात पाचही ठिकाणी तिचेच होते. काकूंनी चष्मा लावून तो वाचला, पुन्हा वाचला आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. तेवढ्या वेळात आम्ही त्यांना एक कथा सांगितली. ती त्यांनी लहानपणी ऐकलेली होती, पण तिचा हा भाग कीर्तनांत सहसा सांगत नाहीत.

ही कथा आपल्या विदर्भाच्या लेकीची, दमयंतीची. नलाने वनात टाकून दिल्यावर ती एकटी हिंडत असता तिला व्यापाऱ्यांचा एक मोठा तांडा भेटला. वनपर्वातील नलोपाख्यानात ह्या तांड्याच्या नायकाचे नाव शुचि असे दिले आहे. तांडा चेदिदेशास, सुबाहु राजाच्या राज्यात चालला होता. दमयंती त्यांच्याबरोबर निघाली. वाटेत कमळांनी भरलेले एक सरोवर लागले, जनावरे थकली होती, म्हणून तेथेच मुक्काम पडला. मध्यरात्री रानहत्तींचा कळप पाण्यावर आला. तांडा नेमका त्यांच्या वाटेत निजलेला. त्यात तांड्याबरोबरचे माणसाळलेले हत्ती पाहून रानहत्ती खवळले आणि त्यांनी माणसे, जनावरे, माल, सारे तुडवून टाकिले. सकाळी जे वाचले ते शोक करू लागले. कोणी म्हणाले, मणिभद्राची पूजा आपण केली नाही. कोणी म्हणाले, कुबेराची राहिली. आणि कित्येक म्हणू लागले की, काल जी वेड्यासारखी दिसणारी स्त्री आपल्यात मिसळली, ती राक्षसी किंवा यक्षिणी असली पाहिजे, हे सारे तिचेच कृत्य आहे; ती दिसली तर दगडांनी व ढेकळांनी तिला ठार करावे. हे शब्द दमयंतीच्या कानी पडले आणि ती भयाने रानात पळाली.

ह्या प्रसंगात दोन गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत. पहिली ही की, अनर्थाचे खरे कारण कथाकाराने स्वतःच सांगून ठेविले आहे. हत्तींच्या वाटेवर मुक्काम टाकिला गेला, हे ते कारण. परंतु वाचलेल्यांपैकी कोणाच्याही तोंडून ते निघत नाही. ते देवतांकडे पाहतात, दैवाकडे पाहतात आणि शेवटी त्यांची दृष्टी त्या एकट्या, निराधार, नव्याने आलेल्या स्त्रीवर जाऊन स्थिरावते. जो सर्वांत नवा व सर्वांत असहाय, त्याच्यावर दोष ठेवणे सर्वांत सोपे असते. दुसरी गोष्ट त्याहून दुःखाची आहे. रानात गेल्यावर दमयंती स्वतःही तेच म्हणू लागते: हा एवढा जनसमूह माझ्याच मंदभाग्यामुळे नष्ट झाला! ज्या राजकन्येने देवांना बाजूस सारून नलाला ओळखले, तिच्यासारख्या बुद्धिमतीला जर लोकांचे बोलणे असे भ्रमात टाकू शकते, तर कळमन्याच्या एका बावीस वर्षांच्या मुलीने 'मी घरीच राहते' म्हणावे ह्यात आश्चर्य ते काय?

ह्याच वनपर्वात पुढे यक्षप्रश्नांचा प्रसंग आहे. प्रवासाला निघालेल्याचा मित्र कोण, असे यक्षाने विचारले असता धर्मराजाने 'सार्थ' असे उत्तर दिले. सार्थ म्हणजे बरोबरचा तांडा, वाटेचे सोबती. दमयंतीच्या कथेतील तांड्यालाही हाच शब्द आहे. प्रवाशाचा मित्र म्हणून ज्याचे नाव घ्यावयाचे, तोच सार्थ विघ्न येताच दगड उचलतो, ही विसंगती व्यासांच्या नजरेतून सुटली असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता ह्याच्या उलट एक जोडी पाहू. ती कल्पित नाही, आणि तिच्याइतकी विघ्ने मराठीत लिहिलेल्या दुसऱ्या कोणत्याही जोडीच्या वाट्यास आली असतील असे आम्हांस वाटत नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज झालेले. मथुरेस ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल व तीर्थयात्राही घडेल, हा हेतू. काका-पुतणे दोघेही वैदिक परंपरेतले; मुहूर्त पाहिल्यावाचून घराबाहेर पडले नसावेत असे समजण्यास हरकत नाही. आणि त्यांना वाटेत भेटले काय, तर महूची छावणी व शिपायांचे बंड! पुढे उज्जैन, धार, ग्वाल्हेर करीत ते झाशीस पोहोचले, तो १८५८ च्या मार्चात सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीस वेढा घातला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्या कत्तलीत ही दोघे शहरातच होती. मिळविलेली दक्षिणा लुटली गेली; पुन्हा काही मिळविले, तेही पुन्हा लुटले गेले. काल्पीच्या वाटेवर त्यांना पराभूत होऊन निघालेली राणी लक्ष्मीबाई भेटली. भटजी पाणी काढून देऊ लागले असता, विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून तिने विहिरीचे पाणी स्वतःच्या हाताने काढले, हा प्रसंग वाचून ज्याचे डोळे भरून आले नाहीत असा वाचक विरळा. अखेर काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन विष्णुभट घरी परत आले, तेव्हा संपत्ती म्हणून त्यांच्यापाशी फारशी नव्हती. मातापित्यांना स्नान घालण्यासाठी गंगोदक तेवढे होते.

ही हकीकत त्यांनी पुढे लिहून काढिली व 'माझा प्रवास' ह्या नावाने १९०७ साली भारताचार्य चिंतामणराव वैद्य ह्यांनी ती प्रसिद्ध केली. आज ती इतिहासाचे साधन म्हणून मानली जाते. परंतु आम्ही ती प्रत्येक वेळी वाचली ती काका-पुतण्यांच्या सोबतीची गोष्ट म्हणून. पायगुणाचाच विचार करावयाचा तर ह्या दोघांनी एकमेकांना काय म्हणावयास नको होते? 'काका, तुमच्या नादी लागलो म्हणून बंडात सापडलो,' असे पुतण्याने म्हणावे. 'तुला दक्षिणेचा लोभ सुटला म्हणून मी म्हातारपणी मेलो,' असे काकांनी म्हणावे. तसे न होता एकाने दुसऱ्याला धरून वाट काढिली, म्हणून प्रवास पुरा झाला. विघ्नांच्या संख्येवरून सोबत मोजली असती तर ती जोडी अत्यंत अपशकुनी ठरती. विघ्नांत कोण कसे वागले ह्यावरून मोजली तर तिच्या तोडीची जोडी मिळणे कठीण.

कोणी म्हणेल, मास्तर, एका थट्टेच्या वाक्यासाठी एवढी पुराणे कशाला? आमचे उत्तर असे की, थट्टा ज्याची करावयाची त्याला हसता आले तरच ती थट्टा. शिवाय एकत्र कुटुंबात एका माणसाचे वाक्य एका माणसापुरते राहत नाही. आजी म्हणते, ते सासू म्हणते. सासू म्हणते, ते नणंद म्हणते. आणि मग घरातील पाच वर्षांचे मूलही दूध सांडले की 'काकूचा पायगुण' म्हणू लागते. एकत्र कुटुंबाचे बळ पुष्कळांचा आधार एकास मिळण्यात आहे. पुष्कळांचे बोट एकाकडे वळले की त्याच बळाचे ओझे होते. दूषण देणाऱ्यांची संख्या जितकी मोठी, तितके ते खोडून काढणे त्या एकटीला अशक्य. अशा वेळी घरातील वडील माणसानेच पुढे होऊन ते थांबविले पाहिजे, कारण वडिलांचा शब्द घरात चालतो.

काकूंनी ते केले. कागदाची घडी घालून त्यांनी नातसुनेस हाक मारली आणि एवढेच म्हटले, 'सूनबाई, काशीची तिकिटे तुझ्यापाशी ठेव. ह्याच्यापाशी राहिली तर आपण सगळे पिपरियाला बसू.' घरात हशा पिकला. आणि ह्या खेपेस नातसूनही हसली. संख्या चौदा झाली. पंचांगातील दिवस मात्र काकूंनी बदलू दिला नाही, आणि बदलावा असे आम्हीही सुचविले नाही.

दिवाळीची व नाताळची सुटी जवळ येत आहे. तेव्हा ज्यांना निघावयाचे आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या काही गोष्टी सांगून ठेवितो. गाडीची वेळ मध्यरात्र ते पहाट ह्यांच्या दरम्यान असेल, तर तिकिटावरच्या तारखेच्या शेजारी 'आदल्या रात्री निघणे' असे हाताने लिहून ठेवावे. उतरण्याच्या ठिकाणची खोलीही त्याच हिशोबाने ठरवावी. जेथे गाडी बदलावयाची तेथे दोन गाड्यांत तीन-चार तासांचे अंतर असू द्यावे. फलाटावर दोन तास बसणे हे चुकलेल्या गाडीमागे धावण्याहून स्वस्त पडते. तिकिटाची एक प्रत दोन निराळ्या माणसांपाशी असावी व डब्याचा, जागेचा क्रमांक कागदावर टिपलेला असावा. कारण भ्रमणध्वनीची विद्युत् नेमकी गरजेच्या वेळी संपते. गाडी तीन तासांहून अधिक उशिराने सुटणार असेल व जाणेच रहित करावयाचे असेल, तर गाडी सुटण्यापूर्वी रीतसर मागणी केल्यास भाड्याची पूर्ण रक्कम परत मिळते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. चढणीच्या स्थळी जुनी, पायाला बसलेली पादत्राणे न्यावी. म्हातारी माणसे बरोबर असतील तर त्यांची औषधे मोठ्या पेटीत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावी.

आणि एक नियम परत आल्यानंतरचा. प्रवासात काय बिघडले ते जरूर सांगावे, रंगवून सांगावे, ऐकणाऱ्यांस पोट धरून हसवावे. परंतु प्रत्येक विघ्नाबरोबर त्यातून वाट कोणी काढिली त्याचे नावही सांगावे. पिशवी हरवली हे सांगताना ती कोणी शोधली हे गाळू नये. पाय मुरगळला हे सांगताना तो कोणी बांधला हे विसरू नये. एवढे केले तर ज्या माणसाला आपण वाईट पायगुणाचे म्हणणार होतो, पुष्कळदा त्याच माणसाच्या हाताचा गुण आपल्या ध्यानात येईल. विघ्ने सर्वांनाच येतात. विघ्नहर्त्याचे स्मरण करून निघणारे आपण, ती येणारच हे आधीपासून मान्य करूनच उंबरठा ओलांडतो. ती आल्यावर बरोबरच्या माणसाचा हात सोडू नये, इतकेच आपल्या हाती आहे. असो. सर्व प्रवासी मंडळींचा मार्ग सुखाचा होवो आणि घरची सर्व माणसे, एकही मागे न राहता, बरोबर जावोत व बरोबर परत येवोत.